फॅमिली कोर्टाच्या निकालाविरुद्ध अपील करायचं म्हणजे नेमकं काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते. कुठे चुकले तर तुमच्या लगेच लक्षात येईल. नवऱ्याने पुण्याच्या फॅमिली कोर्टात क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागितला. तुम्ही स्वतःच्या आणि मुलाच्या पोटगीसाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा वेगळा अर्ज केला होता. दोन्ही प्रकरणं एकत्र चालली आणि तीन आठवड्यांपूर्वी एकाच निकालपत्राने निकाली निघाली. घटस्फोट मंजूर झाला. मुलाचा ताबा तुमच्याकडे राहिला, पण शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी वडिलांकडे. पोटगी मागितली त्याच्या निम्मीही मिळाली नाही. कोणी तुम्हाला तीस दिवस सांगतं, कोणी नव्वद. जज्जांनी तुमचे व्हॉट्सॲपचे मेसेज बघितलेच नाहीत असं तुमचं म्हणणं आहे. नवरा दुसरं लग्न करून मोकळा होईल ही धास्ती आहे, आणि तुमचेच वकील म्हणतात की अपिलात दम नाही.

तुम्ही ‘अपील करू का’ असा एकच प्रश्न विचारलाय. पण त्या निकालपत्रात निदान तीन वेगळे निर्णय आहेत आणि तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. शिवाय एक गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही: या निकालातलं नेमकं काय बदलून हवंय? ते ठरल्याशिवाय कुठलाही वकील तुम्हाला सरळ उत्तर देऊ शकणार नाही. दिलंच तर तुम्ही सावध राहा.

आधी मुदतीचं बघू, कारण बाकी विचार नंतरही करता येतो. तीस आणि नव्वद, दोन्ही आकडे कायद्यात आहेत, म्हणूनच गोंधळ होतो. फॅमिली कोर्ट्स ॲक्ट, १९८४ च्या कलम १९ मध्ये अपिलाला तीस दिवस दिले आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ मध्येही पूर्वी तीसच होते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एवढ्या मोठ्या देशात, लांबच्या गावाहून येणाऱ्या माणसाला तीस दिवस अपुरे पडतात. त्यानंतर २००३ च्या दुरुस्तीने ते नव्वद झाले. स्पेशल मॅरेज ॲक्टमध्येही तेव्हाच नव्वद झाले. फॅमिली कोर्टाचा कायदा मात्र तीसवरच राहिला. मग हिंदू विवाह कायद्याखालचा निकाल फॅमिली कोर्टाने दिला तर कुठली मुदत लावायची, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे (म्हणजे खंडपीठाहून मोठ्या पीठापुढे) गेला आणि पूर्णपीठाने नव्वद दिवसांच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे तुमच्या घटस्फोटाच्या भागाला नव्वद दिवस आहेत. पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त मुलाच्या ताब्याचा वेगळा अर्ज असता, तर मी तुम्हाला तीसच धरून चालायला सांगितलं असतं.

प्रमाणित प्रत मिळायला जो वेळ लागतो तो या नव्वदमधून वजा होतो, पण त्यातही खाच आहे. तुम्ही नकलेचा अर्ज केल्याच्या दिवसापासून नक्कल तयार झाल्याच्या दिवसापर्यंतचाच वेळ वजा होतो. अर्ज उशिरा केलात तर त्याआधीचे दिवस तुमचेच गेले. नक्कल तयार होऊन नकला विभागात पडून राहिली आणि तुम्ही दोन आठवड्यांनी घ्यायला गेलात, तर तेही दिवस तुमच्याच खात्यात. घटस्फोट मंजूर झाला की हुकूमनाम्याची (म्हणजे निकालावरून निघणाऱ्या औपचारिक आदेशाची, डिक्रीची) एक प्रत दोन्ही पक्षांना मोफत द्यायची, असं हिंदू विवाह कायद्यातच लिहिलंय. ती मिळाली म्हणून निर्धास्त राहू नका. निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्हींच्या प्रमाणित प्रतींसाठी वेगळा अर्ज टाका, आणि त्याची पावती जपून ठेवा. नकलेच्या मागच्या शिक्क्यात अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. मुदतीचा हिशोब त्याच शिक्क्यावरून होतो.

उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, कारण खरं आणि कागदानिशी दाखवता येण्यासारखं असेल तर तो मंजूरही होतो. पण तुमच्या बाबतीत उशिराची जोखीम नुसत्या एका जादा अर्जापुरती नाही. ती दुसऱ्या लग्नाशी जोडलेली आहे.

हिंदू विवाह कायद्याचं कलम १५ सांगतं की अपिलाची मुदत संपली आणि अपील झालं नाही, किंवा झालेलं अपील फेटाळलं गेलं, तरच घटस्फोटित व्यक्तीने पुन्हा लग्न करणं कायदेशीर. म्हणजे मुदतीत अपील दाखल झालं की नवऱ्याचे हात बांधलेले राहतात. मुदत टळून गेली आणि त्याने उच्च न्यायालयात चौकशी करून, अपील नसल्याची खात्री करून लग्न उरकलं, तर नंतर विलंब माफ होऊनही तुमच्या अपिलात जीव उरणं अवघड. दुसरी बाजूही सांगते. बंदीच्या काळात त्याने लग्न केलं तर ते आपोआप रद्दबातल ठरतं असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगितलंय की कलम १५ मोडून केलेलं लग्न तेवढ्या कारणाने शून्य ठरत नाही. म्हणून मी कलमाच्या भरवशावर बसत नाही. अपिलासोबतच हुकूमनाम्याला स्थगिती आणि लग्नाला मनाई मागणारा अर्ज लावते, आणि अपील दाखल झालं की त्याच दिवशी समोरच्याला आणि त्याच्या वकिलाला रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने कळवते. नुसतं अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही. हे पुष्कळांना माहीतच नसतं.

आता रस्ते. घटस्फोटाविरुद्धचं अपील थेट मुंबई उच्च न्यायालयात जाईल, दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे. (कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, पण पुणे मुंबईकडेच आहे.) आणि जिथे फॅमिली कोर्टच नाही, तिथे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांनी दिलेल्या निकालाचं पहिलं अपील जिल्हा न्यायालयात होतं. तुमच्या चुलतबहिणीने ‘आमचं तर जिल्हा कोर्टातच झालं’ असं सांगितलं असेल तर ती खोटं बोलत नाहीये, तिचं गाव वेगळं आहे एवढंच.

पोटगीच्या १२५ च्या अर्जाला मात्र अपीलच नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचं कलम १४४ झालंय, नियम तोच. फॅमिली कोर्टाच्या अशा आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज होतो, रोजच्या भाषेत रिव्हिजन. ते एकल न्यायमूर्तींपुढे चालतं आणि त्यालाही नव्वद दिवस आहेत. निकालपत्र एक असलं तरी प्रकरणं दोन होती, म्हणून आव्हानंही दोन. एकाच अपिलात सगळं कोंबून दिलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. मग वर्षभराने सुनावणीच्या वेळी समोरचा वकील उठून म्हणतो की पोटगीचा भाग इथे येऊच शकत नाही, आणि तोवर रिव्हिजनची मुदत कधीच गेलेली असते. पण घटस्फोटाच्या निकालातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी ठरवली असेल, तर तो भाग अपिलातच येतो. तुमच्या निकालपत्राच्या शेवटच्या पानावर, आदेशाच्या परिच्छेदांत, कुठली रक्कम कुठल्या कलमाखाली दिली आहे ते बघून घ्या.

शनिवार-रविवारच्या भेटीबद्दल माझं मत वेगळं आहे. मुलाच्या ताब्याचे आणि भेटीचे आदेश कधीच कायमचे नसतात. परिस्थिती बदलली, मुलाची शाळा बदलली, त्याला त्रास होतोय असं दिसलं, तर त्याच फॅमिली कोर्टात फेरबदलाचा अर्ज करता येतो. अर्धी सुट्टी वडिलांकडे जाते म्हणून उच्च न्यायालय गाठणं मला पटत नाही. उलट तुम्ही तो मुद्दा उकरलात तर समोरचाही ताब्याचा मुद्दा उकरील. अपिलाची नोटीस मिळाली की त्याला स्वतःचे आक्षेप दाखल करायचा हक्क मिळतो. जे तुमच्या बाजूने लागलंय तेही पुन्हा टेबलावर येऊ शकतं, याचा विचार फार थोडे लोक करतात.

(अंतरिम पोटगीच्या आदेशाबद्दलही खाली कोणीतरी विचारेलच, म्हणून सांगते: फॅमिली कोर्टाच्या अंतरिम आदेशाला कलम १९ खाली अपील नाही. त्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली रिट याचिका करतात. संमतीने झालेल्या निकालालाही अपील नाही. आणि गैरहजेरीत एकतर्फी निकाल झाला असेल तर आधी त्याच कोर्टात तो रद्द करण्याचा अर्ज करायचा का, हे पाहावं. त्याला तीसच दिवस असतात.)

आता मुख्य गोष्टीकडे येते. अपिलात तुमची कहाणी पुन्हा ऐकली जात नाही. निकालपत्र तपासलं जातं. फॅमिली कोर्टाच्या अपिलात उच्च न्यायालय कायद्याचे आणि वस्तुस्थितीचे, दोन्ही मुद्दे बघू शकतं, त्यामुळे पुरावा नव्याने तोलायची मुभा आहे. पण तो पुरावा खालच्या कोर्टात नोंदला गेला तेवढाच. साक्षीदाराला बोलताना पाहिलं ते खालच्या न्यायाधीशांनी, आणि त्या गोष्टीला वरची कोर्टं मान देतात. ‘मला न्याय मिळाला नाही’ हे वाक्य अपिलाच्या मसुद्यात बिनकामाचं आहे. ‘परिच्छेद अमुकमध्ये न्यायाधीशांनी अमुक निष्कर्ष काढला, तो निशाणी अमुकच्या विरुद्ध आहे’ हे वाक्य कामाचं आहे. (निशाणी म्हणजे पुराव्यात घेतलेल्या कागदावर कोर्ट टाकतं तो क्रमांक.)

माझी पद्धत सांगते. अशील निकालपत्र घेऊन आलं की मी आधी त्यातले मुद्दे आणि त्यापुढची ‘होय/नाही’ अशी उत्तरं बघते. मग प्रत्येक उत्तरामागची कारणमीमांसा वाचते आणि समासात लिहिते की हे कुठल्या साक्षीवरून काढलं. त्यानंतर साक्षीचे कागद उघडते. आपल्याकडची उलटतपासणी कशी लिहिलेली असते ते तुम्ही पाहिलंच असेल: ‘हे म्हणणे खरे आहे की, दिवाळीनंतर मी नांदायला गेले नाही.’ निकालपत्रात नेमकं हेच वाक्य उचललेलं असतं आणि त्यावर निष्कर्ष उभा असतो की पत्नीने विनाकारण संसार सोडला. पण साक्षीच्या कागदावर पुढचं वाक्य असतं: ‘साक्षीदार स्वतःहून सांगते की, दिवाळीच्या पाडव्याला मला घराबाहेर काढले होते.’ हे दुसरं वाक्य निकालपत्रात कुठेच नाही. अशी जागा सापडली की मी पेन्सिलने चौकट करते. अशा दोन-तीन ठोस चौकटी मिळाल्या तर अपिलात दम आहे. सगळा समास ‘हे अन्यायकारक आहे’ने भरला आणि चौकट एकही नाही, तर तुमचे वकील बरोबर आहेत.

तुमच्या मेसेजचंही असंच तपासा. ‘जज्जांनी बघितले नाहीत’ आणि ‘ते पुराव्यात आलेच नाहीत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेसेजच्या छापील प्रती दस्तऐवज यादीसोबत दाखल केल्या म्हणजे त्या पुरावा झाल्या असं होत नाही. त्यांवर निशाणी क्रमांक पडलाय का ते बघा. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, त्या तारखेला काय लिहिलंय ते बघा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडलं होतं का, पूर्वीच्या कायद्यातलं ६५-ब चं, आता नव्या साक्ष अधिनियमात कलम ६३ चं? नसेल तर आशा संपली असंही नाही, कारण फॅमिली कोर्ट्स ॲक्टच्या कलम १४ मुळे वाद मिटवायला उपयोगी पडेल असा कागद कोर्ट एरवीच्या पुराव्याच्या कडक नियमांबाहेर जाऊनही घेऊ शकतं. पण तसा युक्तिवाद तिथे झाला होता का? निशाणी पडलेली असूनही निकालपत्रात त्याचा साधा उल्लेख नसेल, तर तो अपिलातला तुमचा पहिला मुद्दा. निशाणीच पडली नसेल, तर अपिलात नवा पुरावा आणायचा वेगळा अर्ज लागतो, आणि ‘तेव्हा का आणला नाही’ याला पटणारं उत्तर लागतं. ‘वकिलांनी सांगितलं नाही’ हे उत्तर सहसा पुरत नाही.

पोटगीच्या बाबतीत एक गोष्ट नक्की तपासा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं सविस्तर शपथपत्र द्यावं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ठरवून दिलंय. तुमच्या नवऱ्याने ते शपथपत्र दिलं होतं का? दिलं असेल तर त्यातला पगार आणि निकालपत्रात धरलेला पगार जुळतो का? पोटगी अर्जाच्या तारखेपासून आहे की निकालाच्या? यातली एकही गोष्ट हुकली असेल तर रिव्हिजनला चांगला पाया आहे. निकालानंतर त्याला बढती मिळाली असं तुम्ही लिहिलंय. तो मुद्दा रिव्हिजनचा नाही. परिस्थिती बदलली म्हणून रक्कम वाढवून मागायचा अर्ज फॅमिली कोर्टातच होतो. दरम्यान ठरलेली रक्कम घ्यायला आणि थकली तर वसुलीचा अर्ज टाकायला काहीच हरकत नाही. फक्त ‘सर्व हिशोब पूर्ण, यापुढे काही तक्रार नाही’ अशा पावतीवर सही करू नका.

आता तो तुम्ही न लिहिलेला प्रश्न. तुम्हाला घटस्फोट नको आहे, की ‘क्रूर बायको’ हा शिक्का नको आहे, की पैसे पुरेसे हवे आहेत? तिन्ही उत्तरं रास्त आहेत, पण तिन्हींचं पुढे वेगळं होतं. घटस्फोटच नको असेल तर तुम्ही किती वर्षं वेगळे राहताय हे महत्त्वाचं ठरतं. संसार पार मोडलाय एवढ्याच कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला नाही. तो सर्वोच्च न्यायालयाला अनुच्छेद १४२ खाली आहे, हे २०२३ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केलं. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की वर्षानुवर्षांचं वेगळं राहणं आणि सततची कोर्टबाजी हीच क्रूरता होऊ शकते. त्यामुळे दहा-बारा वर्षं वेगळं राहिलेल्या जोडप्याचा घटस्फोट अपिलात उलटणं अवघड असतं. एक-दोन वर्षंच झाली असतील तर चित्र निराळं. शिक्का पुसायचा असेल तर त्यालाही व्यवहारी अर्थ आहे, कारण कायमची पोटगी ठरवताना कोर्ट वागणूकही बघतं. आणि हवं ते मुख्यतः आर्थिक असेल, तर घटस्फोटाचं अपील सोडून फक्त रिव्हिजन करणं किंवा दोन्ही करून मध्यस्थीत एकरकमी तडजोड करणं, हे दोन्ही मार्ग मी अशिलांना मोकळेपणी सांगते. उच्च न्यायालय अशी बरीच प्रकरणं मध्यस्थीला पाठवतंच. अपील अंतिम सुनावणीला यायला वर्षं लागतात, म्हणून खरी लढाई सुरुवातीच्या महिन्यांतल्या स्थगितीच्या अर्जावर होते.

समोरच्याने कॅव्हिएट दाखल केलं असेल तर त्याची नोटीस तुम्हाला पोस्टाने येईल. घाबरू नका आणि लिफाफा परत पाठवू नका. त्याला न ऐकता स्थगिती देऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

खर्चाचं विचारलंत. वकिलाच्या फीबद्दल मी इथे आकडा टाकणार नाही, पण हे माहीत असू द्या की विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. नकलेच्या अर्जाची पावती आणि निकालपत्र सोबत न्या, आणि मुदत कधी संपते ते अर्जातच ठळक लिहा, म्हणजे फाइल टेबलावर पडून राहणार नाही.

वकील जुनाच ठेवायचा की नवा, हा तुमचा शेवटचा प्रश्न. खालच्या कोर्टातल्या वकिलाला तुमचं प्रकरण पाठ असतं, पण निकालपत्राकडे त्रयस्थ नजरेने बघणं त्याला जड जातं, कारण त्यातल्या काही उणिवा त्याच्या स्वतःच्या असू शकतात. म्हणून ‘दम नाही’ हे त्यांचं मत नाकारूही नका आणि तेवढ्यावर थांबूही नका. उच्च न्यायालयात फॅमिली कोर्टाची अपिलं नेमाने चालवणाऱ्या एखाद्याकडून एकदा लेखी मत घ्या. त्यासाठी निकालपत्र, दोन्ही बाजूंचे अर्ज आणि जबाब, सगळ्या साक्षी उलटतपासणीसकट, निशाण्या आणि रोजनामा एवढं लागेल. जुन्या वकिलांकडून फाइल मागताना भांडू नका, ‘दुसरं मत घ्यायचंय’ असं सरळ सांगा. बहुतेक जण देतात. नाही दिली तर हे सगळं कोर्टातून नकलेने मिळतं, आणि तीन आठवडे गेलेच आहेत, तेव्हा तो अर्ज उद्याच टाका.